बिघाडाचा माग

घाटकोपर व कुर्ला येथील घरांच्या छपरांवरून रात्रंदिवस विमाने जात असतात. वर्षातील बहुतेक दिवस ती पूर्वेकडून येतात, हळूहळू खाली उतरतात आणि अंधेरी, विलेपार्ले व सांताक्रूझ यांच्या मध्ये पसरलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर टेकतात. गच्चीवर उभी राहून मुले ती विमाने मोजतात. विमानाचे पंख, त्याचे लुकलुकणारे दिवे आणि त्याचा प्रचंड आवाज यांचे त्यांना कौतुक वाटते. विमान चालविणाऱ्या वैमानिकाचेही सर्वांना कौतुक असते. परंतु शेवटचे विमान उतरल्यावर, सारे नगर झोपी गेलेले असताना, हातात विजेरी घेऊन त्या विमानाच्या पोटाखाली शिरणारी माणसे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. ही माणसे म्हणजे विमानांची निगा राखणारे यंत्रज्ञ व अभियंते होत.

मुंबईच्या उपनगरांचे विमानांशी नाते जुने आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एक लहानसे विमान जुहूच्या मैदानावर उतरविले. त्या विमानाला एकच इंजिन होते. पुढे सांताक्रूझचा विमानतळ वाढला आणि १९६० साली एअर इंडियाच्या ताफ्यात जेट इंजिनांची मोठी विमाने आली. इंजिने जसजशी अधिक शक्तिमान झाली, तसतशी ती अधिक गुंतागुंतीचीही झाली. त्यांच्यातील दोष हुडकून काढणे हे एक स्वतंत्र शास्त्रच बनले.

जेट इंजिनाचे कार्य थोडक्यात समजून घेऊ. इंजिनाच्या तोंडातून हवा आत ओढली जाते. आत एकामागे एक अशा अनेक चकत्या असतात व प्रत्येक चकतीच्या कडेला पाती बसविलेली असतात. या चकत्या वेगाने फिरून हवेला दाबतात. दाबलेल्या हवेत इंधन फवारले जाते. हे इंधन म्हणजे अत्यंत शुद्ध केलेले एक प्रकारचे रॉकेलच होय. ते पेटले की तप्त वायू मागील बाजूने जोराने बाहेर पडतो व जाता जाता आणखी काही चकत्यांना फिरवितो. त्याच चकत्या पुढच्या चकत्यांना गती देतात. असे हे चक्र चालू राहते. काही इंजिनांतील चकत्या मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतात. तप्त वायूची उष्णता इतकी असते की, पात्यांतील बारीक छिद्रांतून थंड हवा खेळविली नाही, तर ती पाती वितळून जातील. एवढा वेग आणि एवढी उष्णता सोसणाऱ्या यंत्रात लहानसा दोषही लहान राहत नाही.

याचे एक दुःखद उदाहरण सांताक्रूझ विमानतळावरच घडले. १२ ऑक्टोबर १९७६ च्या रात्री इंडियन एअरलाइन्सचे कॅरव्हेल जातीचे विमान मद्रासला जाण्यासाठी मुंबईहून निघाले. त्यात उतारू व कर्मचारी मिळून ९५ माणसे होती. विमानाने भूमी सोडली आणि थोड्याच वेळात त्याचे एक इंजिन निकामी झाले. वैमानिकाने विमान परत फिरविले. परंतु इंजिनाच्या फुटलेल्या तुकड्यांनी इंधनाच्या नळ्या तुटल्या होत्या व आग भडकली होती. विमानाची सुकाणू हलविणारा द्रवही त्या आगीत नाहीसा झाला. धावपट्टी अगदी जवळ आली असता विमान वैमानिकाच्या हाती राहिले नाही आणि ते कोसळले. त्यातील एकही मनुष्य वाचला नाही.

पुढे चौकशी झाली. तीत असे आढळले की, हवा दाबणाऱ्या चकत्यांपैकी दहाव्या टप्प्यातील एका चकतीला थकव्यामुळे तडा गेला होता. धातूलाही थकवा येतो, हे ऐकून नवल वाटेल. परंतु लोखंडाची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून पाहावी. पहिल्या खेपेस ती तुटत नाही, दहाव्या खेपेसही तुटत नाही. परंतु पुढे केव्हातरी ती पटकन तुटते. विमान उडते त्या प्रत्येक खेपेस इंजिनातील चकतीवर ताण येतो व ते थांबले की तो ताण जातो. हजारो वेळा असे घडले म्हणजे धातूत केसाहूनही बारीक अशी चीर पडू शकते. ती वाढत जाते आणि एके दिवशी चकती फुटते.

अशी चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती शोधण्यासाठी नाना युक्त्या योजाव्या लागतात. सुटा केलेला भाग रंगीत द्रवात बुडवून मग पुसून घेतात. वरचा रंग निघून जातो. परंतु चिरेत शिरलेला रंग पुन्हा हळूच वर येतो आणि चीर उघडी पडते. इंजिन न उघडता आत पाहावयाचे असेल, तर बोरोस्कोप नावाची बारीक, लवचिक नळी आत सारतात. वैद्य जशी रोग्याच्या पोटात नळी घालून पाहतो, तसाच हा प्रकार आहे. शिवाय प्रत्येक चकतीचे आयुष्य आधीच ठरविलेले असते. तिने किती उड्डाणे केली याची मोजदाद ठेवली जाते आणि ठरलेला आकडा भरला की ती कितीही धडधाकट दिसत असली, तरी काढून टाकली जाते.

काही दोष असे मुकाट्याने वाढतात. परंतु बहुतेक दोष येण्यापूर्वी काहीतरी खूण देतात. वंगणाचा दाब उतरतो, उष्णता वाढते, इंजिन नेहमीपेक्षा अधिक थरथरते, किंवा ते सुरू होण्यास वेळ लावते. वैमानिक ही खूण विमानाच्या नोंदवहीत लिहितो. येथून यंत्रज्ञाचे काम सुरू होते. खूण हा रोग नव्हे. ती रोगाचे लक्षण आहे. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवली, म्हणजे तापाचे कारण गेले असे होत नाही. तद्वत खूण नाहीशी केली, म्हणजे दोष गेला असे होत नाही.

समजा, एका इंजिनातील वंगणाचा दाब कमी आहे असे वैमानिकासमोरील पडद्यावर दिसले. याची कारणे अनेक असू शकतात. कोठेतरी गळती होऊन वंगण खरोखरच कमी झाले असेल. वंगण पुढे ढकलणारा पंप झिजला असेल. गाळणीत कचरा अडकला असेल. किंवा इंजिन अगदी निरोगी असून दाब मोजणारे उपकरणच बिघडले असेल, अथवा त्याची तार सैल झाली असेल. खूण एकच, परंतु कारणे पाच! यांतील खरे कारण कोणते हे ठरविण्यासाठी प्रत्येक जातीच्या इंजिनाची एक पुस्तिका असते. आधी काय पाहावे, मग काय पाहावे, अमुक आढळल्यास काय करावे, हे सारे तिच्यात क्रमाने दिलेले असते. खूण खरी आहे असे धरूनच शोधाला आरंभ करावयाचा, हे या कामातील पहिले सूत्र होय.

हे सूत्र सांगण्यास सोपे, परंतु पाळण्यास कठीण आहे. अनुभवी माणसाला अनुभवच कधी कधी फसवितो. गेल्या महिन्यात अशीच खूण दिसली होती आणि तेव्हा उपकरण बिघडलेले निघाले होते. मग आजही तेच असेल, असे त्याला वाटते. तो उपकरण बदलतो. जमिनीवर इंजिन चालवून पाहतो, तर सारे ठीक दिसते. परंतु उंच आकाशातील कडाक्याची थंडी आणि इंजिनाची दीर्घकाळची थरथर जमिनीवर नसते. तिसऱ्या दिवशी तीच खूण पुन्हा उमटते. नवे उपकरण व्यर्थ गेलेले असते आणि खरा दोष जागच्या जागीच असतो. म्हणून एकच तक्रार नोंदवहीत पुन्हा आली, की चतुर अभियंता मागील पाने उलटून पाहतो. आपल्या आधी कोणी काय केले आणि त्याचा उपयोग का झाला नाही, हे जाणल्याशिवाय तो पान्याला हात लावीत नाही.

आपले काम पूर्ण झाले असे नुसते गृहीत धरल्याने काय घडते, हे अमेरिकेतील एका प्रसंगावरून कळते. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे तीन इंजिनांचे ट्रायस्टार विमान १७२ माणसे घेऊन मायामीहून नासाऊ शहराकडे निघाले. आदल्या रात्री यंत्रज्ञांनी त्याच्या तिन्ही इंजिनांची एक तपासणी केली होती. वंगणाच्या मार्गात चुंबकाचे एक लहानसे बूच असते. इंजिन आतून झिजू लागले तर धातूचे कण त्या चुंबकाला चिकटतात व झीज वेळीच कळते. ही बुचे काढून त्यांच्या जागी दुसरी बसवावयाची होती. बुचाभोवती रबराची एक रिंग असावी लागते. प्रेशर कुकरच्या झाकणात जशी रिंग असते, तशीच ही. ती नसली की गळती होणारच. एरवी यंत्रज्ञांना रिंग बसविलेली तयार बुचे मिळत. त्या रात्री ती नेहमीच्या जागी नव्हती, म्हणून भांडारातून आणली गेली. त्यांवर रिंग नव्हती. रिंग असणारच, असे समजून यंत्रज्ञांनी तिन्ही बुचे तशीच बसविली आणि काम पूर्ण झाल्याची सही केली. नंतर इंजिने क्षणभर फिरवून पाहिली. परंतु तेवढ्या अल्प वेळात गळती दिसून आली नाही.

विमान आकाशात गेले आणि तिन्ही इंजिनांतून वंगण वाहून जाऊ लागले. प्रथम मधल्या इंजिनाचा दाब उतरला. वैमानिकांनी ते इंजिन बंद केले व विमान मायामीकडे वळविले. थोड्या वेळाने उरलेल्या दोन्ही इंजिनांचे दाबही शून्यावर आले. तिन्ही इंजिनांतील वंगण एकाच वेळी संपणे कसे शक्य आहे? दर्शक उपकरणेच बिघडली असावीत, असे वैमानिकांना वाटले. परंतु उपकरणे खरे बोलत होती. एकामागून एक दोन्ही इंजिने बंद पडली. विमान तेरा हजार फुटांवरून समुद्राकडे उतरू लागले. पाण्यावर उतरण्याची तयारी करा, असे उतारूंना सांगण्यात आले. सुमारे चार हजार फूट उंची उरली असता, आधी बंद केलेले मधले इंजिन पुन्हा सुरू करण्यात यश आले आणि त्या एका इंजिनाच्या बळावर विमान मायामीस सुखरूप उतरले. मधले इंजिन वेळीच बंद केल्यामुळे त्यात थोडे वंगण शिल्लक राहिले होते, तेच सर्वांच्या उपयोगी पडले.

या प्रसंगातून एक मोठा धडा मिळाला. विमानाला एकाहून अधिक इंजिने असतात, ती एक बिघडल्यास दुसऱ्याने तारावे म्हणून. परंतु एकाच माणसाने एकाच रात्री सर्व इंजिनांवर एकच काम केले आणि त्यात चूक झाली, तर ती चूक सर्व इंजिनांत शिरते व तारणारे कोणीच उरत नाही. म्हणून एकाच विमानाच्या निरनिराळ्या इंजिनांवरील असे काम शक्यतो निरनिराळ्या माणसांकडे देण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

दुसरा प्रसंग इंग्लंडमधील असून तो गणिताशी निगडित आहे. विमानाच्या इंधनाच्या टाकीत कधी कधी सूक्ष्म जंतू वाढतात. त्यांचा नाश करण्यासाठी इंधनात औषध मिसळतात. त्याचे प्रमाण दर दहा लाख भागांस शंभर भाग असे सांगितलेले होते. म्हणजे दहा हजार किलोग्रॅम इंधनात एक किलोग्रॅम औषध पुरे. २०२० साली टायटन एअरवेज या कंपनीच्या एका विमानात हे औषध घालताना प्रमाणाचा हिशेब चुकला आणि सांगितलेल्या मात्रेच्या ३८ पट औषध टाक्यांत पडले. जे काम एका किलोग्रॅमने व्हावयाचे, तेथे ३८ किलोग्रॅम घालावे, असा हा प्रकार झाला!

इंजिनाने आपल्या परीने खूण दिली. ते नीट सुरू होईना. यंत्रज्ञांनी कारण शोधण्याचा प्रयत्न केला. त्यांनी पुस्तिकाही उघडली. परंतु शोधासाठी जी कृती त्यांनी अनुसरली, ती दुसऱ्या जातीच्या इंजिनासाठी लिहिलेली होती. त्यामुळे खऱ्या कारणाचा माग लागला नाही. २६ फेब्रुवारी २०२० रोजी हे विमान लंडनजवळील गॅटविक विमानतळावरून उडाले आणि क्षणार्धात एका इंजिनातून धडाधड आवाज येऊ लागले. पाठोपाठ दुसऱ्या इंजिनाचीही तक्रार सुरू झाली. वैमानिकांनी मोठ्या सावधपणे विमान परत आणून उतरविले. कोणालाही इजा झाली नाही. परंतु एक चूक हिशेबात झाली व दुसरी शोधात झाली, आणि दोन्ही चुका एकमेकींच्या मदतीला धावल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हिशेब चुकला असला, तरी शोध योग्य मार्गाने झाला असता, तर हा दोष जमिनीवरच उघडकीस येण्याचा संभव होता.

या चुका करणारी माणसे आळशी किंवा अडाणी होती काय? तसे मुळीच नाही. ती शिकलेली व कामात मुरलेली माणसे होती. परंतु विमानांची पुष्कळशी दुरुस्ती रात्री चालते. त्या वेळी शरीर विश्रांती मागत असते. पहाटे विमान निघावयाचे असते, म्हणून घाई असते. एकाची पाळी संपते व अर्धे झालेले काम दुसऱ्याच्या हाती येते. अशा वेळी मनुष्याची स्मृती त्याला दगा देते. म्हणून स्मृतीवर विसंबू नये, यासाठीच नियम केलेले आहेत.

भारतात हे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरविते. परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेला अभियंताच विमान उड्डाणास योग्य असल्याचा दाखला देऊ शकतो. तोही ज्या जातीच्या विमानाचे शिक्षण त्याने घेतले असेल, त्याच जातीपुरता. त्याच्या सहीवाचून दुरुस्त झालेले विमान उडू शकत नाही. नाजूक काम एकाने केले, तर ते दुसऱ्याने स्वतंत्रपणे पाहावयाचे असते. पाळी बदलताना काय झाले व काय राहिले, हे लिहून द्यावे लागते. काम संपले की हत्यारेही मोजली जातात. कारण इंजिनात विसरलेला एक लहानसा पाना साऱ्या पात्यांचा चुराडा करू शकतो. हत्याराची एक जागा रिकामी दिसली, तर ते सापडेपर्यंत विमान सोडीत नाहीत. उतारू खोळंबतात, कोणी रागावतातही. तरी अभियंत्याने ते सोसले पाहिजे. उशिरा निघालेले विमान पुढे केव्हातरी पोहोचते. दोष घेऊन निघालेल्या विमानाविषयी असे कोणी सांगू शकत नाही.

या नियमांहूनही मोलाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे आपली चूक आपण होऊन सांगण्याचे धैर्य. रात्री घरी गेल्यावर एखाद्या यंत्रज्ञाला शंका आली की, आपण तो खिळा घट्ट केला की नाही, तर त्याने तात्काळ विमानतळावर कळविले पाहिजे. त्याने लाजेने किंवा भीतीने तोंड मिटले, तर शेकडो जिवांना धोका पोहोचेल. म्हणूनच प्रामाणिकपणे चूक सांगणाऱ्याला शिक्षा करण्याऐवजी ती चूक का घडली, हे शोधावे, अशी विचारसरणी आज जगभरच्या विमानव्यवसायात मान्य झाली आहे. चूक लपली की तीच चूक दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या माणसाच्या हातून घडते. उघड झाली की तिच्यापासून सर्वजण शिकतात.

गणित सोडवून झाल्यावर ताळा पाहावा, असे शाळेत शिकवितात. उत्तर बरोबर आहे अशी खात्री असली, तरी ताळा पाहावयाचा असतो. किंबहुना फार खात्री असेल तेव्हा तो अवश्य पाहावयाचा असतो. विमानाच्या पोटाखाली विजेरी घेऊन बसलेला अभियंता रात्रभर हेच करीत असतो. आपल्याला वाटते ते खरे आहे काय, हा प्रश्न तो स्वतःला पुन्हा पुन्हा विचारतो. पुस्तिका उघडतो, भाग पाहतो, हाताने चाचपतो, मोजतो व मगच सही करतो. त्या सहीवर विसंबून पहाटे शेकडो माणसे निश्चिंत मनाने विमानात बसतात. त्यांना त्याचे नावही ठाऊक नसते. घाटकोपरच्या छपरांवरून विमान सुखरूप खाली येते, तेव्हा त्या अज्ञात माणसाने पाहिलेला ताळा बरोबर आलेला असतो.